इवाता-सानचे अकरा सेकंद

जपानी जिभेला 'ल' वळत नाही. त्यामुळे नागोयाजवळच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं 'लेले'ऐवजी 'रेरे' होते. लांबून 'रेरे-सान!' अशी हाक यायची आणि मी जपानी रिवाजाप्रमाणे 'हाय!' म्हणून ओ द्यायची. एखादा मराठी माणूस बाहेर उभा असता तर त्याला वाटलं असतं, आत कुणाचं तरी सुतक चाललंय. तरी सांगते, त्या हाकेला ओ देताना माझी मान ताठ असायची. निळा डगला, पोलादी टोपणाचे बूट आणि पिवळी टोपी घालून त्या भल्या मोठ्या शेडमध्ये फिरणारी, जपानी आणि मराठी दोन्ही येणारी मी एकटीच होते.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पुण्याहून सॉफ्टवेअरची मुलं थव्याने जपानला येत होती. बहुतेक तोक्योला उतरायची. तिथल्या फुनाबोरीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणी तूरडाळ आणायला पायी जायच्या, आम्ही नागोयावाले ती टपालाने मागवायचो. नवऱ्याची तिथल्या मोटार कंपनीत डिझाइन विभागात नेमणूक होती. मी पुण्यात हौस म्हणून संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकले होते, आणि ती हौस अशी पोटापाण्याला लागली.

दुभाषीपणाचे नियम थोडेच आहेत. बोलणाऱ्याच्या अर्धं पाऊल मागे उभं राहायचं. वहीत फक्त नावं आणि आकडे लिहायचे, बाकीचं डोक्यात ठेवायचं. पाहुण्यांच्या जेवणाला टेबलावर बसायचं, पण जेवायचं नाही, कारण दोघांपैकी एक जण सतत बोलत असतो. मी पर्समध्ये दुकानातला भाताचा त्रिकोण ठेवायची आणि जिन्याखाली उभ्या उभ्या खायची. सगळ्यात मोठा नियम असा की बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. 'ते म्हणतायत, त्यांना राग आलाय' असं नाही, सरळ 'मला राग आलाय.' दिवसभर मी कधी साहेब असायची, कधी फोरमन, कधी पुण्याचा प्रोग्रॅमर. घरी नवऱ्याने 'चहा कोण घेणार?' विचारलं की 'मी' म्हणण्याआधी क्षणभर थांबायला व्हायचं.

आमच्या कारखान्यात मोटारीच्या स्टिअरिंगचे भाग जोडले जायचे. एका लाइनवर बारा जागा, प्रत्येक जागेवर एक माणूस. कोणत्या जागेवर किती वेळ जातो हे आपोआप नोंदवणारं सॉफ्टवेअर लिहायला पुण्याची टीम आली होती. त्यांच्यातला प्रत्यक्ष लाइनवर येणारा मुलगा म्हणजे निखिल. कोथरूडचा, हुशार, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत टाइप करणारा. त्याचं एक वाक्य मात्र मला घाम फोडायचं. ते म्हणजे, "होऊन जाईल, मॅडम."

तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? फोरमन ओत्सुका-सानना ते सांगून बघा. साठीला टेकलेला, पेन्सिल कानावर ठेवणारा तो माणूस लगेच विचारायचा, "कोण करणार? कधी करणार?" मी निखिलकडे बघायची. निखिल म्हणायचा, "अहो मॅडम, होऊन जाईल म्हटलं ना." आपल्या भाषेत कामं अशी होऊन जातात, काचेची भांडी फुटतात, चुका घडतात, आणि करणारा कोणी जवळपास नसतो. शेवटी मी स्वतःच 'निखिल-सान, शुक्रवारी' असं ठोकून द्यायची आणि बाहेर आल्यावर निखिलला दम भरायची.

आता इवाता-सान. लाइनवरच्या सातव्या जागेचे. पस्तिशी ओलांडलेले, मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते न कळणारे, दोन्ही कान चुरगळलेल्या कागदासारखे. कारखान्याचा रग्बी संघ होता आणि हे पंधरा वर्षं त्याच्या पुढच्या फळीत. संघातले सगळे कामगारच. सकाळपासून चारपर्यंत लाइनवर, चारनंतर शेडमागच्या मैदानात. रविवारी सामना आणि सोमवारी पुन्हा साडेसातला टोपी घालून हजर. कोणाचा डोळा काळानिळा, कोणाच्या बोटांना पट्ट्या.

ओळख करून घ्यावी म्हणून पहिल्याच आठवड्यात मी त्यांना माझ्या चांगल्या जपानीत विचारलं, "तुम्ही रग्बी खेळता का?" खेळणे म्हणजे 'असोबु', हे मी पुण्यात पाठ केलं होतं.

इवाता-सान हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "रेरे-सान, मी रग्बी असोबु करत नाही. मी रग्बी करतो."

आपण क्रिकेटही खेळतो आणि भातुकलीही खेळतो. जपानीत 'असोबु' हे भातुकलीचं, हुंदडण्याचं. काम नसलेला माणूस, बंद पडून राहिलेलं मशीन, हेही 'असोबु' करत असतात. मन लावून करायच्या खेळाला ते 'करणे' हेच क्रियापद लावतात, जसं काम करणे. मी त्या माणसाला चक्क विचारलं होतं, की तुम्ही रग्बीच्या नावाखाली टवाळक्या करता का? घरी हे सांगितलं तर माझी आठ वर्षांची मुलगी, जी मराठीतल्या प्रश्नाला जपानीतच उत्तर द्यायची, ती एवढंच म्हणाली, "आई, त्यांना वाईट वाटलं असेल."

गंमत अशी की याच शब्दाचा तिसरा अर्थ माझ्या रोजच्या कामाचा होता. आपल्याकडे गॅरेजवाला म्हणतो ना, 'स्टिअरिंगला प्ले आलाय'? तो प्ले म्हणजेही 'असोबी', त्याच 'असोबु'चं नाम. चाक वळायच्या आधी स्टिअरिंग जे जरासं मोकळं फिरतं ते. ते अजिबात नसेल तर गाडी हाताला धक्के देते, जास्त झालं तर गाडी ऐकत नाही. ड्रॉइंगवर हा शब्द मी शेकडो वेळा बघितला होता आणि दर वेळी बरोबर 'प्ले' लिहिला होता. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढच्या चुकीला मला अज्ञानाची सबब नाही.

त्या पहिल्या फजितीनंतर इवाता-सानशी माझी मैत्रीच झाली. एकदा मैदानात पाणी साचून सराव रद्द झाला, तेव्हा प्रशिक्षकांनी इंग्लंडहून आणलेली एक जुनी कॅसेट लावली. काळापांढरा इंग्रजी सिनेमा, कोळशाच्या मुलखातला. खाणीत राबणारा एक आडदांड कामगार रग्बीत नाव काढतो, त्याची गोष्ट. खाली जपानी अक्षरं नव्हती, म्हणून मला बोलावलं. वीसेक कामगार जमिनीवर बसलेले आणि मी टीव्हीशेजारी उभी. पण ती इंग्रजी कुठली! प्रत्येक शब्द तोंडात कोळसा धरून बोलल्यासारखा. थोडा वेळ मी रेटलं आणि मग कबूल केलं, की मला निम्मं कळत नाहीये.

इवाता-सान म्हणाले, "आम्हाला कळतंय. तुम्ही बसा."

मी बसले. त्या मुलांना खरंच कळत होतं. पडद्यावर मैदानातली धडक झाली की वीस माणसं एकदम श्वास आत घ्यायची, आणि क्लबचे मालक त्या खेळाडूचे खांदे निरखायला लागले की सगळे गप्प व्हायचे. सिनेमा संपल्यावर इवाता-सान म्हणाले, "सगळे त्याच्या खांद्यांकडेच बघतात. त्याच्या हातांकडे कोणी बघतच नाही." मी ते वाक्य तेव्हा सोडून दिलं. मला भाषांतर करायचं नव्हतं ना.

मग ती फेरी झाली. ओत्सुका-सान निखिलला एकेक जागा समजावून सांगत पुढे चालले होते आणि मी मधे. लाइन चालू, कानात बोळे, प्रत्येक वाक्य अर्धं ओठांवरून ओळखायचं. सातव्या जागेपाशी ओत्सुका-सान थांबले, इवाता-सानच्या पाठीवर थाप मारून आदल्या रविवारच्या सामन्यात त्यांचा दात कसा पडला ते हसत हसत सांगितलं, आणि त्याच दमात म्हणाले, "इवाताच्या जागेवर असोबी बघतो."

त्यांना म्हणायचं होतं, की या जागेवर आम्ही स्टिअरिंगचा प्ले तपासतो. पण रग्बी, इवाता आणि असोबी हे तीन शब्द माझ्या डोक्यात पहिल्या आठवड्यापासून एकमेकांना चिकटून बसले होते. मी ओरडून निखिलला सांगितलं, "इथे रिकामा वेळ दिसतो." निखिलने टाइप केलं. आम्ही आठव्या जागेकडे गेलो. एवढ्यानेच सगळं झालं.

तीन आठवड्यांनी कँटीनच्या बाहेर त्या सॉफ्टवेअरचे आकडे दाखवणारा पडदा लागला. बारा उभे पट्टे, अकरा हिरवे आणि सातवा लालभडक. खाली लिहिलेलं: प्रत्येक नगामागे अकरा सेकंद, कामगार रिकामा. विभागप्रमुख साकुमा-सान मुख्य कचेरीतून नुकतेच आले होते आणि रग्बी संघ बंद करायचा विचार वर चाललाय ही कुजबुज त्यांच्या आधीच येऊन पोचली होती. तो लाल पट्टा त्यांच्या हातात आयता पडला. रग्बीवाले दमून येतात आणि लाइनवर डुलक्या काढतात, असं आता उघड बोललं जाऊ लागलं. इवाता-सानची बदली ठरली. उत्तरेकडच्या गोदामात, पुढच्या महिन्यापासून. म्हणजे लाइन गेली, आणि संघाचा जो बहुधा शेवटचाच मोसम होता तोही गेला.

मला वाईट वाटत होतं, पण त्यांच्यासाठी, स्वतःसाठी नाही. दुपारच्या सुट्टीत मी सातव्या जागेवर गेले आणि विचारलं, "इवाता-सान, त्या अकरा सेकंदांत तुम्ही नक्की काय करता?"

त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला. जोडलेल्या भागाच्या दांड्यावर तीन बोटं आणि अंगठा ठेवला, डोळे मिटले आणि दांडा अगदी केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवला. मग डोळे उघडून म्हणाले, "असोबी बघतो. माप पुढच्या जागेवरचं मशीन घेतं, पण खराब नग तिथवर जाऊ नये म्हणून मी हाताने बघतो. पण आता याला रिकामा वेळ म्हणायचं ठरलंय ना? वरच्यांनी ठरवलं असेल तर मी काय बोलणार?"

तो 'रिकामा वेळ' निखिलला मीच सांगितला होता. ओत्सुका-सानही याचसाठी गप्प होते. त्यांनी चौकशी केली तेव्हा त्यांना सांगण्यात आलं होतं, की वर्गवारी तुमच्याच तोंडच्या माहितीवरून केली आहे. म्हातारा समजला, की हाताने तपासणं आता साहेबांच्या लेखी काम राहिलेलं नाही. सगळ्या कारखान्यात खरी गोष्ट काय ते फक्त मला माहीत होतं.

बदलीच्या कागदावर सह्या दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायच्या होत्या. मी निखिलला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"मॅडम, प्लीज, मीटिंगमध्ये नको. क्लायंटसमोर डेटा चुकीचा आहे म्हटलं तर आमचं अख्खं प्रोजेक्ट जाईल. मी रिपोर्टमध्ये कोड बदलतो. होऊन जाईल."

"आणि त्यांची बदली?"

"लाल पट्टा गेला की तीपण थांबेल ना आपोआप."

"निखिल, कागदावर सही उद्या आहे. आपोआप कोण थांबवणार?"

खरं सांगते, त्या दिवशी मलाही 'आपोआप' हा शब्द फार गोड वाटला होता. दुभाषीची चूक कधी कोणाला सापडत नाही, कारण ती तपासायला दोन्ही भाषा येणारा माणूस लागतो, आणि तो मीच होते.

सकाळी खोलीत चौघे होतो. साकुमा-सान, ओत्सुका-सान, पडदा दाखवायला निखिल, आणि मी. साकुमा-सान बोलायला लागले आणि मी निखिलसाठी मराठीत बोलत गेले. "मला या निर्णयाचा आनंद नाही. मी इवाताचा खेळ पाहिला आहे. पण मी आकडे बाजूला ठेवू शकत नाही." मी इथवर आले आणि थांबले. मग जपानीत म्हणाले, "साकुमा-सान, आत्तापर्यंतचा 'मी' तुमचा होता. इथून पुढचा रेरेचा आहे."

साकुमा-साननी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत मी कधी मधे बोलले नव्हते.

मी म्हणाले, "सातव्या जागेच्या नोंदीत चूक झाली आहे."

"कोणाकडून?" ते म्हणाले.

ओत्सुका-सानचा तोच प्रश्न! जन्मभर मी 'चूक झाली' म्हणत आले होते, कप फुटला म्हणत आले होते. "माझ्याकडून," मी म्हणाले. "चूक मी केली. ओत्सुका-साननी बरोबर सांगितलं होतं आणि निखिल-साननी मी सांगितलं तेच लिहिलं." मग त्या एका शब्दाची सगळी कथा सांगितली, पहिल्या आठवड्यातल्या फजितीसकट. ओत्सुका-साननी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा कानावर ठेवली.

साकुमा-सान रागावले नाहीत आणि विरघळलेही नाहीत. उठून सरळ लाइनवर गेले, आम्ही मागोमाग. सातव्या जागेवर त्यांनी इवाता-सानना फक्त सांगितलं, "दाखव."

इवाता-साननी तीन नग समोर ठेवले. "यातला एक पुढे पाठवण्यासारखा नाही."

साकुमा-साननी कोटाची बाही वर केली आणि तिन्ही दांडे फिरवून बघितले. पुन्हा बघितले. मग मधल्याकडे बोट केलं. इवाता-साननी नाही म्हणून मान हलवली आणि डावीकडचा उचलून पुढच्या मशीनवर लावला. मशीनचा लाल दिवा लागला. निखिलने न राहवून स्वतः हात लावून बघितला, मीही बघितला. आम्हाला तिन्ही सारखेच लागले. साकुमा-साननी बदलीचा कागद चार घड्या करून आतल्या खिशात ठेवला आणि जाताना इवाता-सानपुढे वाकून नमस्कार केला. विभागप्रमुखाने लाइनवरच्या कामगारापुढे इतकं वाकलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

माझा हिशेब दुसऱ्या सकाळी झाला. तिथे चुकीची कबुली लिहून सगळ्यांसमोर वाचायची पद्धत आहे. पहिल्या मसुद्यात मी सवयीने 'चूक झाली' असंच लिहिलं होतं. ते खोडून 'मी चूक केली' लिहिलं आणि सकाळच्या सभेत पूर्ण लाइनसमोर वाचलं. त्यानंतर सहा महिने मला लाइनवरून काढून कचरा वर्गीकरणाच्या पाट्यांचं भाषांतर दिलं होतं. ओला, जळणारा, न जळणारा, बाटल्यांची झाकणं वेगळी. त्यात मी एकही चूक केली नाही. निखिल दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही, मग एक दिवस आईने पाठवलेल्या चकल्यांचा डबा टेबलावर ठेवून गेला. त्याच्या सॉफ्टवेअरच्या यादीत सातव्या जागेसमोर आता 'असोबी तपासणी' असं लिहिलेलं होतं, आणि पट्टा हिरवा होता.

एक गोष्ट मात्र मला वाचवता आली नाही. मोसम संपताच संघ बंद करायचा हुकूम वरून आलाच. तो माझ्या चुकीमुळे नव्हता, तरी तीन आठवडे त्या लाल पट्ट्याने त्यांची जी नाचक्की केली ती माझ्याच तोंडून निघाली होती, आणि ते मी अजून विसरलेले नाही.

शेवटच्या सामन्याला मी गेले. थर्मासमध्ये आल्याचा चहा घेऊन कामगारांच्या बायकांमध्ये बसले आणि घसा बसेपर्यंत ओरडले, मराठीत. इवाता-सान पूर्ण वेळ मैदानात होते. सतत कुणाच्या ना कुणाच्या अंगाखाली चिरडले जात होते आणि चिखलातून पुन्हा उठत होते. आमचा संघ एका किकने हरला. शिट्टी वाजली तेव्हा पंधरा माणसं ओळीत उभी राहिली आणि प्रेक्षकांकडे वळून कमरेत वाकली. त्यांच्यातल्या सगळ्यांना दुसऱ्या दिवशी साडेसातला लाइनवर यायचं होतं आणि सगळे आले. असल्या माणसांबरोबर मी काम केलं आहे, हे मी अजून लोकांना छाती काढून सांगते.

मैदान रिकामं झालं. बायका डबे आवरत होत्या. इवाता-सान चेंडू काखेत धरून माझ्याकडे लंगडत आले. कपाळावर चिखल, खालच्या ओठातून रक्त.

"संपलं," ते म्हणाले. "करायचं ते करून झालं."

दुभाषीला स्वतःचं वाक्य पटकन सापडत नाही. त्यांनी तो लांबोडका चेंडू हातात घेतला, त्याच तीन बोटांनी आणि अंगठ्याने जरासा फिरवला, आणि मला म्हणाले, "रेरे-सान, असोबिमाशो-का?"

चला, खेळू या का? इतक्या वर्षांत रग्बीसाठी तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"हाय!" म्हणाले मी, पर्स गवतावर ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले.